वाचनालयाचा पाहुणा आणि माझी मंडळी

चहा जरा गार झाला तरी चालेल, पण आधी माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. दुसरा कोणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं सांगतो, त्या फजितीला वरून काही लावायची गरजच नाही.

सन तिसाच्या पुढची ती तीन-चार वर्षं. मी तेव्हा सोलापुरात एका गिरणीच्या टाइम-ऑफिसात कारकून होतो. सकाळी भोंगा झाला की दरवाजाशी टेबल मांडून बसायचं आणि आत जाणाऱ्या माणसांची हजेरी लावायची. "मास्तर, लिवा की," म्हणत एकेक जण पुढे सरकायचा. हजारभर माणसं डोळ्यांखालून जायची. संध्याकाळी खोलीवर आलो की माझी हजेरी घ्यायला मात्र कोणी नाही. आईवडील मागेच गेलेले, बहीण सांगोल्याला तिच्या संसारात, आणि माझं लग्न दोनदा ठरून दोनदा मोडलेलं. कधीकधी रविवार असा जायचा, की सोमवारी दरवाजावर पहिला शब्द बोलताना घसा खाकरावा लागे. आज हसत सांगतोय, तेव्हा हसू येत नव्हतं.

जाऊन जाऊन जायचो कुठे, तर वाचनालयात. तिथे शेजारी माणसं तरी असतात. आता वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी, म्हणजे तिथेही बोलायची सोय नाहीच. पण पान उलटल्याचा आवाज तर येतो ना कोणाचा तरी? मला तेवढंही पुरे.

तर त्या साली वाचनालयानं तीन दिवसांचा लेखनवर्ग भरवायचं ठरवलं. पुण्याहून तीन लेखक येणार, एक कवी, एक नाटककार आणि एक कथाकार, आणि गावातल्या होतकरूंना लिहायचं कसं ते शिकवणार. कथाकार म्हणजे वामनराव केंजळे. त्यांच्या गोष्टी मी इतक्या वेळा वाचल्या होत्या, की माणूस ओळखीचाच वाटायचा. एकतर्फी ओळख, पण ओळखच.

आमच्या वाचनालयाचा एक रिवाज होता. पाहुणा कधी धर्मशाळेत उतरवायचा नाही, सभासदाच्या घरी उतरवायचा. पूर्वी एका वक्त्याला धर्मशाळेत ठेवलं होतं. तो दीड तासाच्या व्याख्यानात पाऊण तास ढेकणांवर बोलला. तेव्हापासून कवी चिटणीस वकीलसाहेबांकडे, नाटककार एका कापडवाल्यांकडे आणि कथाकार हेडमास्तरांकडे, अशी वाटणी झाली. आदल्या दिवशी हेडमास्तरांच्या घरात पोरांना गोवर निघाला. कथाकाराला घर उरलं नाही.

मी वकीलसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "माझ्याकडे द्या."

ते म्हणाले, "बापूराव, राग मानू नका. पाहुणा संसारी घरातच द्यायचा असं ठरलंय. तुम्ही एकटे. सकाळी त्यांना आंघोळीचं पाणी कोण देणार, चहा कोण करणार?"

आता इथे गप्प घरी यावं की नाही? पण डोळ्यांसमोर तीन संध्याकाळी दिसायला लागल्या. माझ्या खोलीत कंदिलाच्या उजेडात समोर एक माणूस बसलाय, आणि तो माझ्याशी बोलतोय. बाकी काही नको होतं हो मला. आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं.

"मंडळी आलीय की आता घरी."

"लग्न केलंत? कधी?"

"झालं घाईघाईत. तिकडे सांगोल्याला."

वकीलसाहेबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. माझं लग्न झाल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की 'नाही' म्हणायला जीव होईना. असा मी बुधवारी दुपारी चारच्या सुमारास विवाहित झालो.

आता बायको आणायची कुठून? मी गेलो बसव्वाकडे. बसव्वा म्हणजे आमची खानावळवाली. तिच्या ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगाचटणीवर माझी सात वर्षं निघालेली. सगळं ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो, काय वो बापूराव, बायकू काय भाड्यानं मिळती व्हय?"

"बायको नको, बसव्वा. एक लुगडं दे फक्त. वाळत घालायला."

"आन् त्यो पावना विचारला तर, बाई कुटं हाय म्हणून?"

"आत आहे म्हणून सांगेन."

"आत काय करती?"

याचा मी विचार केला नव्हता. बसव्वानं दांडीवरचं इरकल लुगडं काढून दिलं. म्हणाली, "डबा दोगांचा न्हाय, तिगांचा पाठवते. आजारी बाई बी चार घास खाती की." आजारी हा शब्द तिचा. मी नुसता उचलला.

तिथून गेलो बांगड्या घ्यायला. शेजारच्या गल्लीत नव्हे, लांबच्या पेठेत, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. मणियार चाचा म्हणाले, "नाप कित्ता होना, मास्तर?" मला माप कुठलं माहीत! मी गडबडून माझाच हात पुढे केला. चाचांनी हाताकडे बघितलं, माझ्या मिशांकडे बघितलं, आणि सगळ्यांत मोठ्या मापाच्या बांगड्या कागदात बांधून दिल्या.

गुरुवारी दुपारी वामनराव स्टेशनवर उतरले. उंच, किडकिडीत, चष्मा, बोलणं मऊ. मी वळकटी उचलून त्यांना घरी आणलं. माझ्या दोन खोल्या. बाहेरची त्यांना दिली आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. दांडीवर लुगडं. सगळं झकास.

बसल्या बसल्या ते म्हणाले, "वहिनींना नमस्कार सांगा. दिसल्या नाहीत?"

"तिला अर्धशिशी आहे," मी म्हणालो. "उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. आत पडून असते."

बघा, आजारपणं काय थोडी आहेत जगात? पोटशूळ म्हणालो असतो, गुडघेदुखी म्हणालो असतो. पण नाही. नेमकं अर्धशिशी.

वामनरावांचा चेहरा एकदम बदलला. ते उठले, पायातल्या वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "आधी का नाही सांगितलंत? माझा उगाच त्रास."

"छे, छे, त्रास कसला?" मीही कुजबुजलो.

झालं. तिथून आमच्या घरात मोठ्यानं बोलणं बंद. जेवताना मीठ हवं असलं तर ते चिमूट दाखवायचे. भाकरी हवी असली तर मी तळहात दाखवायचो. मधूनच मी आत जायचो, बांगड्या वाजवायचो, रिकाम्या खोलीला "आता बरं आहे का?" असं विचारायचो आणि बाहेर येऊन मान हलवायचो. मग तेही हळहळून मान हलवायचे.

मी आपला वाट बघत होतो, की आता हे मांडी ठोकून बसतील, मी काहीतरी विचारीन, ते सांगतील. पण दिवेलागण झाली की ते हळूच उठायचे, "जरा फिरून येतो," असं ओठांनीच म्हणायचे आणि निघून जायचे. परत यायचे ते थेट अंथरुणावर. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. शनिवारी मी मुद्दाम दोन पेले चहा घेऊन बसलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, आतल्या दाराकडे बोट केलं, "त्यांच्याजवळ बसा," असं कुजबुजले आणि गेले. दोन्ही पेले मीच प्यायलो.

मला वाटलं, माणूस मोठा, आपल्यासारख्याशी काय बोलणार. खरं सांगतो, घरात पाहुणा असताना मला जितकं एकटं वाटलं, तितकं तो नसताना कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांचं शेवटचं व्याख्यान होतं. तीन दिवस कुजबुजून त्यांचा घसा बसला होता, मागचे लोक "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणत होते. विषय होता पात्र कसं उभं करावं.

ते म्हणाले, "समजा, एक माणूस आहे. दोन खोल्यांत राहतो. घरात बायको नाही. पण ती आहे असं तो वागतो. बाहेरून आला की दारातून आत काहीतरी बोलतो. तिचं लुगडं अजून दांडीवर ठेवतो. शेजाऱ्यांना वाटावं घर भरलेलं आहे. आता मला सांगा, या माणसाबद्दल तुम्ही काय लिहाल?"

म्हणजे यांना कळलं होतं तर. तीन दिवस सगळं कळत होतं, म्हणूनच तोंड चुकवून बाहेर जात होते. आणि आता चारचौघांत माझं सोलणं चाललं होतं.

पुढच्या रांगेतला एक शाळामास्तर उठून म्हणाला, "माणूस वेडसर दिसतो."

दुसरा म्हणाला, "वेडसर कसला, लबाड आहे. काहीतरी मतलब असणार त्याचा."

लोक हसले. वामनराव हसले नाहीत, नुसते सगळ्यांकडे बघत राहिले. ती नजर फिरत फिरत माझ्यावर आली, आणि मी उभा राहिलो. शपथेवर सांगतो, मला कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"पुरे करा, वामनराव," मी म्हणालो. "लबाडी माझी आहे, कबूल. लुगडं बसव्वा खानावळवालीचं आहे. बांगड्या मीच वाजवत होतो. अर्धशिशी कोणाला नाही. माझं लग्नसुद्धा झालेलं नाही. तुम्ही माझ्या घरी राहावं म्हणून बोललो, बाकी मतलब काही नव्हता."

सभागृह इतकं शांत झालं, की ती पाटी पहिल्यांदाच पाळली गेली असेल. मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळे. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

वामनराव मात्र तसेच उभे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे आत वहिनी नाहीत?" त्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

"नाहीत."

"बापूराव, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो माणूस मी आहे. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली."

मी खाली बसलो. कोणीही काही ओळखलेलं नसताना, कोणीही विचारलेलं नसताना, मी आपण होऊन भर सभेत स्वतःची बायको मारली होती.

दुपारी ते वळकटी घ्यायला घरी आले. टांगा दारात उभा, त्यात वकीलसाहेब हार मांडीवर घेऊन बसलेले. गाडीची वेळ झालेली. वामनरावांनी आतलं दार ढकलून बघितलं. रिकामी खोली, कोनाड्यात बांगड्या.

"आता मोठ्यानं बोललं तर चालेल ना?" ते म्हणाले. तीन दिवसांनी त्यांचा मोकळा आवाज मी माझ्या घरात परत ऐकला.

"चालेल."

"मग सांगतो. स्टेशनवर तुम्ही माझी वळकटी उचललीत, तेव्हाच वाटलं होतं, या माणसाशी बोलत बसावं. पुण्यात संध्याकाळी घरी जायला मला नको वाटतं. इथं तीन संध्याकाळी मिळाल्या होत्या."

"मग बसला का नाहीत?" माझा आवाज जरा चढलाच. "मी रोज वाट बघत होतो."

"कसा बसणार? आत बाई अर्धशिशीनं तळमळतेय, आणि बाहेर आपण गप्पा मारायच्या? मी आपला तळ्यावर जाऊन बसत होतो. अंधार पडेपर्यंत. सिद्धेश्वराच्या देवळाकडे बघत."

"एकटे?"

"एकटाच. तुम्ही काय करत होतात?"

"मी इथे. एकटाच."

बाहेरून वकीलसाहेबांनी हाक दिली, "वामनराव, गाडी चुकेल हो." त्यांनी माझे दोन्ही हात धरले, काहीतरी म्हणणार होते, पण टांगेवाल्यानं घोडा हाकलायला घेतला होता. ते गेले. पुढे दोन पत्रं आली त्यांची. दुसऱ्याला उत्तर माझ्याकडून द्यायचं राहिलं, आणि मग ते वारल्याचं वर्तमानपत्रात वाचलं.

वाचनालयात लोक वर्षभर मला विचारत होते, "काय बापूराव, वहिनींचं डोकं उतरलं का?" विचारू देत. बसव्वाला लुगडं धुऊन परत दिलं. बांगड्या तिनं घेतल्या नाहीत, म्हणाली, "ह्या मापाचा हात म्या बाईचा बघिटलाच न्हाय."

पण खोटं पकडलं गेलं याचं मला काहीच वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. लग्न झालेले नवरे बायकोच्या धाकानं घरात तोंड उघडत नाहीत, असे मी गिरणीत शेकडो पाहिलेत. पण बायको नसताना तिच्या धाकानं तीन दिवस गप्प बसलेला, सोलापुरात मी एकटाच.