ऊन दाखवलेल्या काचा

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी पुण्यात रक्तातल्या संरक्षक पेशींवर पीएचडी करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या बऱ्याचशा सारख्याच दिसतात. त्यांतून टी-पेशी नेमक्या ओळखायच्या तर मोनोक्लोनल अँटिबॉडी लागते. ती फक्त आपल्या ओळखीच्या पेशीला चिकटते आणि तिला जोडलेल्या रंगाने त्या पेशीची कड हिरवी चमकते. तिची इवलीशी बाटली परदेशातून यायला महिने लागले होते. आता तळाशी शेवटचे थेंब उरले होते आणि सोमवारी सरांना हिरव्या पेशी दाखवायच्या होत्या.

निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. वडील (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) पिंपळवंडीहून भेटायला आले होते. त्यांनी लगेच बाही वर केली. "काढ, पायजे तेवढं."

त्यांच्या पेशी काचपट्ट्यांवर पसरल्या, वर अँटिबॉडीचे ते शेवटचे थेंब सोडले आणि पट्ट्या ओलं फडकं घातलेल्या बंद डब्यात ठेवल्या. ओल आणि अंधार दोन्ही लागतात, नाहीतर सगळं वाया जातं. दादांना प्रयोगशाळेतच बसवून मी चहा आणायला गेले.

परत आले तर फडकं खुर्चीवर वाळत घातलेलं आणि पट्ट्या खिडकीत, भर उन्हात, ओळीने मांडलेल्या.

"लई ओल धरली व्हती," दादा म्हणाले. "जरा ऊन दाखवलं."

बियाणं, डाळी, गाद्या, ते सगळ्यालाच ऊन दाखवायचे. हे मला ठाऊक होतं. तरी मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले. ते चहा न घेताच दुपारच्या एसटीने गेले. त्याची लाज मला अजून वाटते.

सरांनी मुदत वाढवून दिली. नवी बाटली आल्यावर मी दादांना फोन केला, या म्हटलं.

"नाय गं. रगत पायजे तर हितं येऊन ने. माझा हात काय गप बसायचा नाय."

मी गेले. गावातल्या कंपाउंडरने ओट्यावरच रक्त काढलं आणि ती ट्यूब ओढणीत गुंडाळून मी पुण्याला आणली. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत त्यांच्या पेशी हिरव्यागार उजळल्या. मला रडू आलं. धावत जाऊन फोन लावला.

"दादा, दिसल्या."

ते म्हणाले, "कोरड्या हायेत ना?"

पट्ट्या ओल्याच होत्या, तशाच लागतात.

"हो दादा," मी म्हटलं, "अगदी कोरड्या आहेत."