कळशीवरचं नाव

तालुक्याच्या कोर्टात मुद्देमालाच्या टेबलावर एक तांब्याची कळशी होती. काठावर कोरलं होतं, 'सुमन हिस आईकडून.' चोरानं ती जुनी भांडी विकणाऱ्या गणूकाकांना विकली होती आणि चोरीचा माल घेतला म्हणून काका पिंजऱ्यात उभे होते. मी त्यांचा नवखा वकील.

"कळशी कुठं दिसली?" मी सुमनबाईंना विचारलं.

"दुकानाच्या दारातच. लख्ख घासलेली. रस्त्यावरून नाव वाचलं मी." मग त्या काकांकडं वळल्या. "लपवायची असती, तर नाव खरवडलं नसतं का हो?"

"आईनं घातलेलं नाव कसं खरवडू, पोरी?" काका पुटपुटले.

माल चोरीचा आहे हे ठाऊक होतं का, निदान तशी शंका यायला हवी होती का, असं कायदा विचारतो. हे कलम मी पाठ केलं होतं. माझ्या आईला वाचता येत नाही. शिकायला निघताना तिनं दिलेल्या ताटावरचं माझं नाव ती बोटानं चाचपते. त्या दिवशी मला कलमापेक्षा तिचं बोट आठवलं.

काका सुटले. सुमनबाई कळशी घेऊन निघाल्या, तशी काकांनी मागून हाक दिली, "चिंचेनंच घास गं. राखेनं अक्षरं झिजतात."