तिन्ही पाळ्यांचे पाळक

रेव्हरंड शांतवन आढाव यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेर. पांढरा सदरा, पांढरी पँट, घोट्याला सायकलची क्लिप तशीच, कानावर पेन्सिल. नोटीसबोर्डावरचा पुढच्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता ते एका वहीत उतरवून घेत होते. सत्तर सालाच्या आगेमागे चिंचवडच्या कारखान्यात येऊन असलं काही उतरवून घेणारा परका माणूस एकाच प्रकारचा असे. वॉचमनने त्यांना धरून माझ्या खिडकीशी आणलं.

"युनियनचे का?" मी विचारलं.

"नाही, चर्चचा आहे. पण काम तेच. माणसं जमवायची, आणि ती जमत नाहीत म्हणून झुरायचं."

मी तिथे टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला हे लिहिण्यात माझं आयुष्य चाललं होतं. देवाधर्माशी माझा संबंध एवढाच, की सणाच्या रजेचे अर्ज माझ्याकडे येत. पण एका पाद्र्याला पाळ्यांचा तक्ता कशाला हवा, हे मला कळेना. मी त्यांना आत बोलावून चहा पाजला.

त्यांची मंडळी, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं, पन्नासेक होती. बहुतेक नगरकडून कारखान्यांत कामाला आलेली. प्रार्थना कासारवाडीला रुळांजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होई. लोणावळा लोकल गेली की प्रवचन अर्धं मिनिट थांबे. पण खरी अडचण लोकलची नव्हती, रविवारची होती. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी माणूस मशीनवर, आणि गुरुवारी देव सुट्टीवर. म्हणून आढावांनी वर्षभरापूर्वी गुरुवारी सकाळीही प्रार्थना सुरू केली होती. रविवारी दहा वाजता शाळामास्तर, बँकेतले, सरकारी कचेरीतले. गुरुवारी दहा वाजता कामगार. शिवाय कोण रात्रपाळी करून आलाय, कोणाकडे दुपारी गेलं तर तो झोपलेला असेल, हे कळावं म्हणून तक्ता.

"पाळ्या सांभाळतो तो पाळक," ते म्हणाले; पाद्र्याला त्यांच्यात पाळक म्हणतात. "आमच्या शिक्षणात हे शिकवलं नव्हतं."

त्यानंतर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते येतच राहिले. त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "तक्ता बघून सांगतो." जेवायला बोलावलं तरी तेच. मी एकदा कुतूहलाने गुरुवारच्या प्रार्थनेला जाऊन बसलो. पहिल्या बाकावर फौंड्रीतला लूकस रात्रपाळी करून आला होता, आणि प्रवचनाच्या तिसऱ्या वाक्याला घोरायला लागला. शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं.

"झोपू दे रे," आढाव वरून म्हणाले. "रात्रभर उभा होता तो. मी काय नवीन सांगणार आहे?" आणि आवाज खाली आणून त्यांनी प्रवचन पुढे चालू ठेवलं. धर्मोपदेशकाने श्रोत्याच्या झोपेला जपल्याचं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

त्यांचा पांढरा झगा सायकलच्या कॅरियरला पिशवीत असे. त्याच्या कडेला चेनच्या ग्रीसचा डाग होता. मंडळीचे सेक्रेटरी शिरसाटसाहेब यांना तो डाग सहन होत नसे. शिरसाट सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रविवारी टाय लावून ते शेडच्या दाराशी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करीत. शेडचं चर्च व्हावं, निदान एक पितळी घंटा तरी असावी, असा त्यांचा ध्यास होता. "घंटेशिवाय चर्च म्हणजे गोडाऊन," ते म्हणत. आढाव म्हणत, "कारखान्याचा भोंगा आहे की. तीनदा वाजतो, फुकट."

वर्षभराने एका सोमवारी आढाव तक्त्याचे दिवस नसताना आले. चहा तसाच ठेवला.

"काल लूकसला बदली सुट्टी मिळाली," ते म्हणाले. "बायकोला घेऊन हौसेने रविवारच्या प्रार्थनेला आला. दारात शिरसाटांनी त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, 'नवीन का? कुठल्या गावचे?'"

"मग?"

"लूकस म्हणाला, 'व्हय साहेब. दोन वरसं झाली नवीन येऊन.'"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"शिरसाटांना काय बोलू? त्यांनी त्याला कधी बघितलंच नव्हतं. मला एक मंडळी सांभाळायला दिली होती, मी तिच्या दोन केल्या. एक साहेबांची, एक कामगारांची. आणि वर वाटत होतं की मी सोय केली."

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यांना आठवड्यातला असा एक तास हवा होता, ज्या तासाला त्यांचं कोणीही कामावर नसेल. "महिन्यातून एकदाचं प्रभुभोजन, ती भाकर आणि तो प्याला, तरी एका ताटातलं व्हावं. हे तुमचं शास्त्र आहे, माझं नाही."

मला धर्मात रस नव्हता, पण कोड्यात होता. चार कारखान्यांच्या तीन-तीन पाळ्या, कचेऱ्या, शाळा, बँक, आणि एक नर्स. आठवडाभर मी जुन्या मस्टरच्या पाठीवर रकाने आखत होतो. रविवार सकाळ बाद, रविवार दुपारी दुसरी पाळी आड. शेवटी एकच तास उरला: गुरुवार, संध्याकाळी सहा. कामगारांना सुट्टी, कचेऱ्या साडेपाचला सुटलेल्या. फक्त नर्स ड्यूटीवर.

"तिच्याकडे मी नंतर जाईन," आढाव म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्या तासाभोवती गोल केला. "म्हणजे आता रविवारवाल्यांनी यायचं."

"यात अडचण काय? येशूचं शिष्यांबरोबरचं ते पहिलं भोजन गुरुवारी रात्रीच झालं होतं ना?" मी थोडंफार वाचलं होतं.

"ते मी शिरसाटांना सांगून बघतो."

सांगितलं. शिरसाट म्हणाले, "तो गुरुवार वर्षातून एकदा येतो, पाळकसाहेब."

आढावांनी तरीही पुढच्या रविवारी जाहीर करून टाकलं: यापुढे प्रभुभोजन गुरुवारी सहा वाजता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना विचारलं नाही. मी म्हटलं, "विचारायचं होतं." ते म्हणाले, "नाही म्हणाले असते." "म्हणून विचारलं नाही?" "म्हणूनच. आणि चूक तीच झाली." त्यांचं हे मला आवडे, चूक करताना ते घाई करत, पण कबूल करायलाही वेळ लावत नसत.

पहिल्या गुरुवारी रविवारवाल्यांतले चौघे आले, दुसऱ्या महिन्यात दोघे. शिरसाटांनी वरच्या कमिटीकडे तक्रार केली: पाळक प्रभूचा दिवस कंपनीच्या सोयीने बदलतात. मसुदा उत्तम असणार, हेडक्लार्कचा होता. तिसऱ्या महिन्यात उत्तर आलं. आढावांची बदली, लांब जालन्याकडे. चार्ज सेक्रेटरींनी घ्यावा.

शेवटचं प्रभुभोजन गुरुवारीच होतं. मी गेलो. खरं सांगायचं तर माझं गणित बरोबर होतं की नाही ते मला मोजून बघायचं होतं. चाळीस माणसं होती, त्यात रविवारची जेमतेम सहा. शिरसाट टाय लावून किल्ल्या आणि रजिस्टर ताब्यात घ्यायला आले होते आणि दाराशी उभे होते. सवयीने हस्तांदोलनही करत होते.

त्या मंडळीची एक रीत होती. प्याला देताना आढाव प्रत्येकाचं नाव घेत. नाव घेतल्याशिवाय प्याला पुढे जात नसे. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना म्हटली, प्याला उचलला आणि शिरसाटांकडे धरला.

"तुम्ही द्या. उद्यापासून मंडळी तुमच्याच हातात आहे."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. शिरसाट प्याला घेऊन पहिल्या बाकाशी आले. समोर लूकस. शिरसाटांनी तोंड उघडलं आणि ते तसेच राहिले. त्यांना नाव येत नव्हतं. तेवढ्यात लोकल धडधडत गेली, तिच्या आवाजाने अर्धं मिनिट निभावलं. लोकल गेली, तरी नाव येईना.

"लूकस, साहेब," लूकस हळूच म्हणाला.

"लूकस," शिरसाट म्हणाले, आणि प्याला दिला.

मग पुढच्या बाईने आपण होऊन सांगितलं, "मार्था." तिच्या पुढच्याने सांगितलं, "याकोब." असे ते बाकामागून बाक गेले. एकेक नाव ऐकायचं, एकेक म्हणायचं. मागच्या बाकापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा टाय बाजूला सरकला होता आणि तो त्यांनी नीट केला नाही. आढाव पुढे मान खाली घालून उभे होते. शेवटी ते झगा पिशवीत घालून सायकलवर बसले आणि दवाखान्याच्या दिशेने गेले. नर्स राहिली होती.

शनिवारी ते जालन्याला गेले. पुढच्या महिन्यात शेडवर पितळी घंटा लागल्याचं लूकसने गेटवर पंचिंग करताना सांगितलं. मला वाटलं, झालं, रविवार जिंकला.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या खिडकीशी कोणी खाकरलं. टाय लावलेले शिरसाटसाहेब, हातात वही. वही आढावांचीच होती.

"पुढच्या महिन्याचा तक्ता लागला का?"

"लागलाय. पण तुम्हाला कशाला?"

ते जरा अवघडले. "पाळकसाहेब जाताना म्हणाले, 'शिरसाट, घंटा जरूर घ्या. फक्त ती कधी वाजवायची, ते टाइम ऑफिसच्या खिडकीत विचारा.'"

नोटीसबोर्डापुढे उभं राहून त्यांनी सगळा तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. दुसऱ्या पाळीचा रकाना चुकला होता. मी बाहेर जाऊन तो दुरुस्त करून दिला.