बोटभर बुटकी मेंढपाळीण

एर्मांसने तीस वर्षं चिनी मातीच्या मूर्तींचे चेहरे रंगवले. पॅरिसच्या त्या कारखान्यात जुन्या जर्मन मूर्तींच्या नकला होत, तेही उजळ माथ्याने. बुडाशी कारखान्याची खूण असे. आता तिची नजर अधू होत चालली होती. आपल्या जागी लेक, सोलांज, लागावी, एवढाच तिचा ध्यास. नाहीतर पोरीच्या नशिबी धुलाईघरातली वाफ आणि खोकला.

ज्या सकाळी मालकांनी सोलांजची परीक्षा ठेवली, नेमक्या त्याच सकाळी पेरोशे नावाचा व्यापारी एक मेंढपाळीण घेऊन आला. "दीडशे वर्षांची, अस्सल! हिची जोडी करून द्या."

एर्मांसने मूर्ती हातात घेतली आणि वीत लावून पाहिली. मेंढपाळीण बोटभर बुटकी होती. भट्टीत माती आकसते, म्हणून साचा मोठाच धरायचा असतो. पण एका वर्षी याच कारखान्यात घाईत मूळ मूर्तीवरूनच साचा काढला होता आणि चाळीस बुटक्या निघाल्या होत्या. त्यांचे चेहरे तिनेच रंगवले होते. ही त्यांतलीच; बुडाची खूण तेवढी कुणीतरी घासून टाकली होती. मालकांनीही ते घासलेलं बूड पाहिलं; मूर्ती सोलांजपुढे ठेवत ते म्हणाले,

"अस्सा चेहरा काढ."

दुपारी सोलांजने रंगवलेली मूर्ती पाहून पेरोशेने नाक मुरडलं. "ही तर भाजीवाली दिसते! मूळ बघा, काय ते डोळे! असे हात आता जन्माला येत नाहीत."

सोलांजने पेरोशेची मूर्ती उजेडात धरली. "आई, ह्या पापण्या तर तुझ्या..."

"गप्प बैस!" एर्मांस खेकसली. "साहेब खरं तेच सांगतायत. त्या हाताची सर हिला कुठून येणार? पण शिकेल हळूहळू."

"म्हातारी जाणकार आहे हो तुमची," पेरोशे खुलला.

मालकांनी सुस्कारा सोडला. "सोमवारपासून ये गं, पोरी."

जिन्यात सोलांज म्हणाली, "मी तुझ्यासारखंच काढलं होतं."

"माहीत आहे मला."

"तरी त्याच्यासमोर तसं म्हणालीस?"

"जागा मिळाली ना? मग झालं तर."

सोमवारी दोघी शेजारी बसल्या. पोरीचा हात बसेपर्यंत एर्मांसने थांबायचं ठरलं होतं. पहिला चेहरा पुरा करून सोलांज आईला न दाखवताच उठली, आणि पलीकडच्या बाकावर फुलं रंगवणाऱ्या बाईला तिने विचारलं, "मावशी, जमलाय का हो?"