कणकेच्या गोळ्या आणि हिवरखेडचा पालक

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या घरी, पाठ्यपुस्तकातल्या जुन्या कविता एकट्यानेच म्हणत बसलो होतो. प्रज्ञा माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता हिवरखेडची सून. म्हणाली, "सर, मी मासे आन् पालक एकाच पान्यात वाढवून राहिली. पाहाले या." मासे आणि पालक! असलं यमक मला उभ्या आयुष्यात कुठल्या कवितेत भेटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

बडनेरा ते अकोला रेल्वेने तास-दीड तास. अकोल्याच्या स्टँडवर गरम कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली. मिरचीचा मोह ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर धरावा. पुढे अकोटमार्गे एस.टी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही, आधार कार्ड मात्र जवळ हवं. कंडक्टरने माझं कार्ड निरखलं आणि फोटोत मी जास्त म्हातारा दिसतो असं सांगितलं. अकोट सुटलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ उमटते. हिवाळ्यात गेलात तर उजव्या खिडकीला बसू नका, डाव्या खिडकीलाही बसू नका. ड्रायव्हरच्या मागे बसा, दोन्ही बाजू दिसतात.

प्रज्ञाच्या अंगणात हिरव्या जाळीखाली हजार लिटरची टाकी, तिच्यात तिलापिया मासे. शेजारी आडवे कापलेले ड्रम, आत माती नाहीच, नुसती गिट्टी, आणि त्या गिट्टीत पालक, पुदिना, सांबार. (पुण्याकडच्यांनी खडी आणि कोथिंबीर वाचावं.) माशांचं घाण पाणी छोटा पंप गिट्टीत सोडतो, तिथले जिवाणू त्या घाणीचं खत करतात, मुळं ते पितात आणि निवळ पाणी टाकीत परत. पंप सौर पॅनलवर आणि बॅटरीवर चालतो. ड्रम जुने, जाळी जुनी. खर्च म्हणावा तर पॅनलचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बचत गटाच्या बाया पाहायला येणार होत्या. त्यांना पटलं तर अशीच टाकी शाळेच्या आवारात होणार, पोरांच्या खिचडीला रोजची हिरवी भाजी मिळणार. प्रज्ञा वर्षभर त्यासाठी घरोघर फिरत होती.

संध्याकाळी ती बायांना आठवण द्यायला गेली. मी टाकीशी रेंगाळलो. लहानपणी आई नदीवर न्यायची, माझ्या मुठीत कणकेच्या गोळ्या द्यायची आणि माशांना टाकायला लावायची. मुक्या जिवाच्या मुखात घास, म्हणायची. प्रज्ञाची सासू कौसाबाई कणिक मळत होत्या. मी जरा मागितली. त्यांनी चांगला लिंबाएवढा गोळा दिला, मग आणखी एक. पुण्याचं काम, त्या म्हणाल्या. मासे झेपावत होते, मी कविता म्हणत होतो. फार सुंदर संध्याकाळ होती ती.

उजाडता पाहतो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. प्रज्ञाने पाण्याचा वास घेतला.

"सर, काय देल्लं त्यायले?"

मी सांगितलं. कौसाबाई पुढे येऊन म्हणाल्या, "कणिक मीच देल्ली, माय. त्यायले नको बोलू."

 न खाल्लेली कणिक तळाशी कुजली होती, पाण्यातला प्राणवायू तिने खाल्ला होता. प्रज्ञाने तळाचं पाणी उपसून लिंबाच्या झाडाला सोडलं. मी पिंपातलं साठवलेलं पाणी मगाने उंचावरून टाकीत ओतू लागलो, म्हणजे त्यात हवा मिसळते. एवढ्यात बाया आल्या.

आज सफाई आहे, असं प्रज्ञा सांगू शकली असती. तिने खरं ते सांगितलं, माझ्यासकट. मी मान वर केली नाही. मग एका ठसठशीत बाईने पदर खोचला. "मंग उभ्या काहून? द्या तो गुंड इकडे." गुंड म्हणजे पाण्याचा हंडा, मी नव्हे. कुणी घरून कळशी आणली, कुणी बादली. पाण्याची रांग लागली, उन्हात धारा चमकू लागल्या. दहाच्या सुमारास मासे खाली गेले. दोन गेले ते गेलेच.

त्या ठसठशीत बाईने हात पुसत निकाल दिला, "आपल्या पोरायले हे जमन बापा. मास्तरायवरच नजर ठेवा लागन."

सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

दुपारी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि त्याच पालकाची पातळ भाजी. वाढता वाढता प्रज्ञा म्हणाली, "सर, वर्गातई तुमी असंच करत. एक कविता पोटात उतरत नाई, तोवर चवथी." कौसाबाईंनी माझ्या ताटात न विचारता तिसरी भाकरी टाकली.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: आधी कळवा, मुक्कामाला जा, आणि माशांना काही देऊ नका.

घरी परतल्यावर महिनाभराने फोन आला. शाळेत टाकी बसली, पाटीवर लिहायला चार ओळी हव्यात. मी उत्साहाने सोळा लिहिल्या. चहा प्यालो, पुन्हा वाचल्या, आणि एकेक खोडत गेलो. उरलं ते धाडलं: "मूठभरच घाला. पाण्यालाही पचायला वेळ लागतो."

माझी सर्वांत लहान कविता. प्रज्ञा सांगते, पोरांना पहिल्याच दिवशी पाठ झाली.