जबाबातून गाळलेलं वाक्य

ती घटना आठवली की चेहरे नंतर येतात, आधी शिक्क्याचा आवाज येतो. एकदा शाईच्या पॅडवर, एकदा कागदावर. ठाण्यात तो दिवसभर चालू असतो, म्हणून कुणाला ऐकू येत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. औरंगपुऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका कंपनीनं ऑफिस उघडलं. मोबाईलवरून पैसे पाठवण्याचं अ‍ॅप आणि क्रिप्टोत गुंतवणूक, असं दोन्ही त्यांचं काम. त्याआधी टाय लावलेले दोघं जण ठाण्यात पत्र घेऊन आले होते. 'आपल्या हद्दीत व्यवसाय सुरू करत आहोत, माहितीस्तव सादर.' आवक टेबलावरच्या हवालदारानं पत्र ठेवून घेतलं आणि त्यांच्या प्रतीवर गोल शिक्का मारून तारीख टाकली. याला आम्ही पोच म्हणतो. गणेश मंडळाचा अर्ज असो की भाडेकरूची माहिती, पोच सगळ्यांना मिळते. कागद आमच्याकडे आला, एवढाच तिचा अर्थ. कागदात लिहिलेलं खरं आहे, असं ती सांगत नाही.

महिनाभरानं करमाडहून एक गृहस्थ आले. गावच्या पोस्टात उभी हयात काढून निवृत्त झालेले. गाव त्यांना मास्तर म्हणे. कुठला कागद खरा नि कुठला बनावट, हे लोक त्यांना विचारूनच ठरवत. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातले कंपनीचे कागद काढले.

"साहेब, हा शिक्का तुमच्याच ठाण्याचा व्हय?"

"आमचाच."

"मग कंपनी रीतसर म्हणायची ना? लोक माझ्या तोंडाकडं बघून बसलेत. मी हो म्हणलं की ते पैसे भरायला जाणार."

मी फोनवर मिरवणुकीच्या बंदोबस्ताचं बोलत होतो. एका हातानं कागद चाळले. कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, दुकानाचा परवाना आणि आमची पोच. लोकांचा पैसा हाताळण्याची परवानगी त्यात कुठेच नव्हती. ती वेगळी लागते, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. तरी मी म्हणालो, "कागद तर बरोबर दिसतात, मास्तर."

"झालं तर मग," असं म्हणून त्यांनी हात जोडले. "आमच्या पोस्टात शिक्का बसला की विषय संपला."

एवढंच झालं होतं. दोन मिनिटांचं काम.

पुढे सहा-सात महिन्यांनी त्या इमारतीसमोरचा चावीवाला ठाण्यात आला. "साब, दूसरे माले के लोगां सामान बांध रे. मेरे कू ताला बदलने बुलाए. नवा ताला, और अंदर एक कुर्सी भी नै! कायके वास्ते ताला?"

आम्ही गेलो तेव्हा खरंच एकही खुर्ची नव्हती. भिंतीवर फक्त एक फ्रेम राहिली होती. आत आमच्या शिक्क्याचं पत्र, काच लावून.

ऑफिसचा व्यवस्थापक बसस्थानकावर सापडला. पहिला दिवस तो 'मी पगारी माणूस' एवढंच घोकत राहिला. चौकशीत आरडाओरड करणाऱ्यांना फार थोडं मिळतं, असा माझा अनुभव आहे. मी त्याला चहा दिला, ती फ्रेम समोर ठेवली आणि गप्प बसलो. बराच वेळ काचेकडे बघून तो हसला.

"साहेब, परवाना आहे का, असं एकानंबी विचारलं नाय. हे पत्र दाखवलं की लोक निवांत चहा प्यायला लागायचे. आम्हाला जाहिरातच करावी लागली नाय. तुम्हीच केली ना!"

मी हसलो नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं कंपनीच्या दोन्ही मालकांचा ठावठिकाणा दिला आणि तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लॉजवर सापडले. देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे आणि क्रिप्टो कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाकडे पत्रं पाठवली होती. दोन्ही उत्तरं सारखीच आली: या नावाची नोंद नाही. नोंदलेल्या कंपन्यांच्या याद्या कुणालाही मोबाईलवर बघता येतात. मास्तर समोर बसलेले असताना मी त्या उघडल्या असत्या, तर चहा मागवून तो येण्याआधी उत्तर मिळालं असतं.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. इथवर ही हकिकत मी अनेक समारंभांत सांगितली आहे. यापुढची कधीच सांगितली नाही.

पैसे बुडालेल्या करमाडच्या तक्रारदारांनी एकच नाव घेतलं. आम्हाला मास्तरांनी नेलं. कंपनीनं मास्तरांना एक मोबाईल भेट दिला होता, तोही पंचनाम्यात आला. ते आरोपी झाले. जबाबासाठी माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचा आवाज स्वच्छ होता.

"साहेब, मी तर तुमाला इचारूनच गेलो ना. त्या खुर्चीत तुमीच व्हता."

टंकलेखन करणाऱ्या हवालदाराची बोटं थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते सोड. पुढचं घे."

मास्तर हवालदारालाच म्हणाले, "राहू द्या. साहेबांच्या लक्षात नसंल."

माझ्या पक्कं लक्षात होतं.

त्यांच्या वकिलानं जामीन अर्जात तीच गोष्ट मांडली. न्यायालयानं अहवाल मागवला. मी लिहिलं, 'अशा भेटीची कोणतीही नोंद ठाण्यात आढळत नाही.' यातला शब्द न् शब्द खरा होता. नोंद मीच केली नव्हती, मग आढळणार कुठून? मास्तर चार महिने हर्सूलच्या तुरुंगात राहिले.

निवृत्तीनंतर दोन वर्षं मी करमाडला जायचं टाळत होतो. गेल्या हिवाळ्यात गेलो. ते ओट्यावर एकटेच ऊन खात बसले होते. मला ओळखलं, पाणी मागवलं. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"बरंय. आता कुणी फॉर्म भरायला येत नाय, तेवढा आराम." मग म्हणाले, "बँकेचं पत्र वाचायला लोक तालुक्याला पैसे देऊन जातात, साहेब. माझ्या दारावरून जातात."

मला माफी मागायची होती. मागितली नाही. तोंडी माफीनं त्यांच्या दारावरून जाणारा एक माणूसही वळला नसता.

खटला अजून चालू आहे. परतल्यावर मी त्यांच्या वकिलांमार्फत न्यायालयात शपथपत्र दिलं. ती भेट, माझं उत्तर, गाळलेलं वाक्य, अहवालातली लबाडी, सगळं लिहिलं. जुने सहकारी म्हणाले, "पेन्शन सुखानं खा की, कशाला उकरता?" एकानं बोलणं बंद केलं. चौकशी लागेल, हे मला माहीत आहे. कागद देताना खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता माझ्या प्रतीवर शिक्का मारला. तो आवाज मात्र मला नीट ऐकू आला.

माणूस फसतो तो निव्वळ हावेपायी, असं मी नोकरीभर मानलं. मास्तरांना हाव नव्हती. त्यांनी विचारायला हवं ते विचारलं, फक्त उत्तर देणारा मी होतो. कंपनीची नोंदणी म्हणजे परवाना नव्हे आणि ठाण्याची पोच तर काहीच नव्हे. पैसे देण्याआधी सरकारी यादीत त्या कंपनीचं नाव स्वतः शोधा. कंपनीनं पाठवलेली लिंक उघडू नका. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला माहीत नसेल, तर त्यानं 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणावं. मला ते जमलं नाही.

शपथपत्राची प्रत घेऊन मी पुन्हा करमाडला गेलो. मास्तरांनी ती उन्हात धरली, चष्मा वर करून तारीख पाहिली, शिक्क्यावर अंगठा फिरवला.

"शिक्का तर बरोबर दिसतो, साहेब," ते म्हणाले आणि प्रत मला परत दिली. "आत काय लिव्हलंय ते वाचून दाखवा. जरा थांबा, गल्लीतल्यांना बोलावतो."

लोक जमले. मी उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.