बिस्मिल्लाबीची ओढणी

संघदीप भगत सरांनी जन्मभर हवेतली धूळ मोजली. वणीचा पोरगा नागपूरला वातावरणशास्त्राचा प्राध्यापक झाला, आता विभागप्रमुख. वस्तीला केवढं कौतुक! सत्कार ठेवला, नारळ, शाल, सगळं. पण सर मांडवाच्या तोंडाशीच थबकले, कारण पहिल्या रांगेत बिस्मिल्लाबी बसली होती.

वीस वर्षांपूर्वी पीएचडीसाठी सरांनी धूळ पकडायचं यंत्र तिच्याच गच्चीवर ठेवलं होतं, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. यंत्र हवा ओढायचं, आतल्या कागदावर धूळ बसायची. दर रविवारी सर येऊन कागद बदलत. वर्षभर कागद चांगले पांढरे निघाले. शेवटच्या आठवड्यात सर न सांगता शनिवारीच आले. बघतात तर काय, यंत्रावर ओढणी घट्ट बांधलेली!

"इतकं महागाचं मशीन, धुळीनं खराब होईन ना बेटा," बिस्मिल्लाबी म्हणाली. "म्हून रोज झाकून ठेवते. तू यायच्या आधी काढून घेते."

आता सांगा, पाहुण्याची वस्तू जपणाऱ्या बाईला काय बोलायचं? पण बोलायचं तिला नव्हतंच. विद्यापीठात सांगायचं होतं, की मोजणी वाया गेली, पुन्हा करतो. प्रबंध द्यायला महिना उरला होता, नोकरीची मुलाखत ठरली होती. सरांनी चहा घेतला आणि तोंड शिवून घेतलं. प्रबंधात छापून आलं, धूळ वस्तीपर्यंत पोचत नाही.

पुढे ट्रकांवर ताडपत्री बांधायला लावा म्हणून वस्तीचे लोक खाणीच्या साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. साहेबांनी तोच प्रबंध पुढे केला. तुमच्याच माणसानं लिहिलंय, म्हणाले. लोक गपगुमान परत आले. सरांच्या कानावर हे आलं होतं. लाज वाटली, दोन दिवस जेवण गेलं नाही, मग जायला लागलं.

सत्कारात बिस्मिल्लाबी खोकत खोकत उठली. हातात तीच ओढणी. "किती धुतली, पण काळी ते काळीच. तुह्या मशीनची याद म्हून ठेवली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माईक घेऊन ते कसेबसे म्हणाले, "माह्या प्रबंधातले आकडे खोटे आहेत. यंत्रावर ही ओढणी होती. धूळ हिच्यावर बसली, कागदावर नाही."

बिस्मिल्लाबीनं दोन्ही कान धरले. "या अल्ला! म्हंजे माह्याच हातानं झालं? माफ करा रे भाऊ, मले काय समजते!"

ती एकेकाकडे वळून माफी मागायला लागली. सर भित्रे खरेच, पण एवढं त्यांनाही पाहवेना.

"चाची, चूक तुही नाही. मले माहीत होतं. प्रबंध द्यायच्या आधीच माहीत होतं."

तिनं कान सोडले.

"त्या शनिवारी? माह्या घरी चहा पिऊन गेलता, त्या दिवशी?"

"हो चाची."

बिस्मिल्लाबीनं ओढणीची घडी घालून पिशवीत ठेवली. तिचा मुलगा मुजफ्फर सरांना घालायची शाल घेऊन उभा होता. त्याला ती म्हणाली, "ठेव ते खाली. चाल घरी."